सहाजणांची सहल, 2 तिकिटे

नाशिकमध्ये तीन मुलांना मॉलमध्ये नेले, की आठवड्याचा भाजीखर्च संपतो. म्हणून या रविवारी पांडवलेणी ठरवली. पुरातत्त्व खात्याच्या नियमाने 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही; तिकिटे आम्हा दोघांचीच. पायऱ्या उन्हात जड जातात, त्यामुळे सकाळीच निघालो. गुडघ्यांमुळे अम्मी पायथ्याशी सावलीत थांबल्या.

तिसऱ्या लेण्यात मुलांना शिलालेख दाखवला. सुमारे 1900 वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, हे लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले.

“म्हणजे राजाची दादीसुद्धा वर आली असेल?” धाकटीने विचारले.

खाली अम्मींनी दस्तरखान पसरला होता. घरचा खिमा-चपाती खाऊन जोहरआधी परतलो. पुढची सहल गोदाकाठच्या सपाट बागेत. स्वस्तात बसवताना घरातले कुणी मागे राहायला नको.