समेची वाट

अंत्रुज महालातील एका देवळाच्या सभामंडपात कार्तिकातल्या एका रात्री गाण्याची बैठक होती. आमच्या गळ्यात कॅमेरा असल्यामुळे अगदी पुढे बसण्याचा मान आम्हांस सहज मिळाला. बुवा आमच्यापासून जेमतेम चार हातांवर होते. यमन चालला होता. निषादावर रेंगाळून बुवा तार षड्जाकडे निघाले. डोळे मिटले, उजवा हात अलगद वर गेला. असे चित्र पुन्हा मिळावयाचे नाही, या लोभाने आम्ही कळ दाबली. फ्लॅशचा प्रकाश लखकन् त्यांच्या मुद्रेवर पडला आणि डोळे उघडले. षड्ज लागला, परंतु ज्या तंद्रीतून तो यावयाचा, ती मोडली होती. बुवा रागावले नाहीत. आमच्याकडे एकवार पाहून त्यांनी आलाप पुन्हा आरंभिला. ती नजर आम्ही अद्याप विसरलो नाही.

म्हणून गाणाऱ्यांची छायाचित्रे घेऊच नयेत, असे आम्हांस वाटत नाही. याच महालातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली; पण तो स्वर लागताना त्यांची मुद्रा कशी होत असे, हे ध्वनिमुद्रिका सांगू शकत नाही. ते काम छायाचित्राचेच.

त्या रात्रीपासून फ्लॅश मात्र आम्ही घरी ठेवतो. मंडपात असेल त्या उजेडावर भागवितो. तानेच्या भरात हात हलून चित्रात पुसट उमटला, तर उमटू देतो. आलापीत कळ दाबीत नाही. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा मनाशी मोजतो. सम येते, श्रोते ‘वाहवा’ म्हणतात आणि त्या दादेत कॅमेऱ्याचा खटका बुडून जातो. आता आवाज न करणारे कॅमेरे निघाले आहेत, आमच्यापाशीही आहे. तरी हा नेम आम्ही सोडला नाही. कारण समेची वाट पाहता पाहता आम्हांस गाणे ऐकू येऊ लागले. त्यापूर्वी इतक्या जवळ बसूनही आम्ही केवळ पाहतच होतो.

देवळात आपण गर्भागाराच्या उंबरठ्याशी थांबतो. त्याने दर्शनात काही उणे पडत नाही.

त्या रात्रीचे छायाचित्र अजून आमच्या संग्रही आहे. मिटलेले डोळे, उचललेला हात, सारे स्वच्छ उतरले आहे. ते कोणास दाखविण्याचे धैर्य मात्र आम्हांस आजवर झालेले नाही.