पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि पन्नाशीचे वजन

पुण्यात पहाटे सारसबागेजवळून पर्वतीच्या पायथ्याशी यावे. अंधार पुरता निवळलेला नसतो, तरी रुंद दगडी पायऱ्यांवर वर्दळ असते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, ती ही टेकडी; पायऱ्या १०३. रोज येणाऱ्यांत पन्नाशीच्या स्त्रिया पुष्कळ, आणि डॉक्टर दिसला की त्यांचा प्रश्न ठरलेला : “नेमाने चढते, गोड सोडले, रात्री एकच भाकरी, तरी पोट का सुटते?”

वाचक भगिनींनो, दोष आपल्या नेमाचा नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि चरबी मांड्यांऐवजी पोटाभोवती साठू लागते. वयाबरोबर स्नायूही झिजतात; मग शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो आणि पूर्वीचाच आहार जास्त ठरतो. रात्री घाम फुटून झोप मोडते, अपुऱ्या झोपेने भूक वाढते. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, त्यांच्यासाठी आपल्याला रात्री दोनदा उठावे लागत असेल, तर विचारायलाच नको.

पर्वतीचा चढ येथे उपयोगी पडतो. पायरी चढताना मांड्यांचे स्नायू आपलेच वजन उचलतात. मात्र हात, खांदे व पाठ यांसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळा व्यायाम हवा : पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे. गुडघे दुखत असतील त्यांनी पायऱ्यांचा हट्ट धरू नये. खुर्चीचा आधार घेऊन सावकाश ऊठबस करावी. चढताना छातीत दुखल्यास तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही वा अंडे असावे; उपासमारीने स्नायू अधिकच झिजतात.

स्नायू बळकट होत असताना वजनकाटा जागचा हलत नाही, म्हणून महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजावी. आपल्याकडील स्त्रियांसाठी ती ८० सेंटिमीटरच्या आत असणे चांगले. थायरॉइड, साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. भूक मंदावूनही पोट फुगत राहिले, किंवा पाळी वर्षभर बंद राहिल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर ‘वयाचे आहे’ म्हणून थांबू नये. तातडीने तपासणी करावी.

माथ्यावर पोहोचल्यावर बहुतेकजणी कठड्याशी टेकतात, खाली पसरलेले शहर पाहतात आणि पाच मिनिटांत घड्याळाकडे बघून उतरू लागतात, कारण घरी कोणाचे तरी औषध, कोणाचा तरी डबा वाट पाहत असतो. कुटुंबीयांनो, तिच्या पोटाच्या घेरावर थट्टा करण्याऐवजी आठवड्यातल्या दोन रात्री आजारी माणसाची उठबस आपल्याकडे घ्या. तिला सलग सात तास झोप मिळणे हाही उपचाराचाच भाग आहे.