कायापालटाचे तिसरे चित्र

गेल्या फाल्गुनात आमच्या धाकट्या बंधूंचा नातू वागळे इस्टेटमधील एका व्यायामशाळेच्या ‘बारा आठवड्यांत कायापालट’ या स्पर्धेत उतरला. जेथे पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आता काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत; आणि दिवसभर खुर्चीवर बसून वाढलेली पोटे कमी करण्याचा धंदाही त्यांच्याच शेजारी चालतो, हा काळाचा महिमा होय.

बारा आठवडे मुलगा व्रतस्थ राहिला. त्याच्या पोळ्या तराजूवर चढल्या, तुपाची वाटी ताटावरून उठली, पहाटेचा व्यायाम एक दिवसही चुकला नाही. यात निंद्य असे काही नव्हते. आळस झाडून उठलेला मुलगा पाहून आम्हांस समाधानच वाटले. परंतु अखेरच्या तीन दिवसांत त्याने मीठ सोडले, पाणीही जेमतेम घोटभर घेऊ लागला, आणि छायाचित्राच्या दिवशी जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसला. त्याच्या आईने सरबताचा पेला पुढे केला, तर म्हणाला, “फोटो झाल्यावर पिईन.” त्या एका वाक्याने आम्ही सावध झालो.

पुढे दोन्ही चित्रे घरी आली. पहिल्यात खांदे पडलेले, पोट सैल सोडलेले, दाढी वाढलेली, उजेड समोरून. दुसऱ्यात अंगास तेल, पोट आत ओढलेले, उजेड बाजूने. बाजूचा उजेड स्नायूंच्या खाचांत सावली पाडतो, समोरचा ती पुसून टाकतो. वजन ८४ किलोंवरून ७३ वर आले होते. आम्ही चित्रे न्याहाळीत राहिलो, तेव्हा त्याने किंचित दुखावून विचारले, “आजोबा, यात खोटे काय आहे?”

खोटे काहीच नव्हते, आणि तेच समजाविणे कठीण होते. म्हणून आम्ही त्यास आमचेच एक पाप सांगितले. मास्तरकीच्या आरंभी एका वर्गाची सहामाही परीक्षा आम्ही मुद्दाम अवघड काढली व गुण हात आखडून दिले. वार्षिक परीक्षेचे प्रश्न सोपे घातले. जी मुले मध्येच शाळा सोडून गेली, त्यांची नावे प्रगतीच्या तक्त्यातून गाळली. तपासणीस साहेबांनी तो तक्ता पाहून आमची पाठ थोपटली. तक्त्यातील एकही आकडा खोटा नव्हता.

“मग तुम्ही त्यांना खरे सांगितलेत का?” मुलाने विचारले. “नाही,” आम्ही म्हणालो. आणि चाळीस वर्षांनंतरही ते सांगताना मान खाली गेली.

कायापालटाचा तक्ताही याच रीतीने तयार होतो. आरंभ होईल तितका खालचा दाखवावयाचा, शेवट एका क्षणापुरता उंच न्यावयाचा, आणि मधेच गळालेल्यांची नावे घ्यावयाची नाहीत. शरीरही यास साह्य करते. यकृत व स्नायू यांत साखरेचा जो साठा असतो, त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी तोडताच हे पाणी पहिल्या आठवड्यातच जाते, व काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी मात्र अशी उतावळी नाही. एका किलोत सुमारे ७,७०० कॅलरींची शिल्लक असते. रोज ५०० कॅलरी कमी केल्या, तरी ती फिटावयास पंधरवडा लागतो.

ही युक्ती नवी नव्हे. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडो याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होते, आणि स्वतः सँडोही होता. ज्याची पद्धत त्याचीच परीक्षा, म्हणजे स्पर्धा आणि जाहिरात एकाच मांडवात! आणि मांडव उठल्यावर काय होते? अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटविण्याच्या स्पर्धेतील चौदा जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सरासरी ५८ किलो घटविलेल्यांचे ४१ किलो परत आले होते; शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर अपेक्षेहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. हा शरीराचा आत्मरक्षणाचा धर्म आहे. त्यास आळस म्हणणे अन्याय होईल.

आपल्याकडील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हेही आरंभी सँडोच्या पद्धतीनेच व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, व तो नेम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. त्यांची कीर्ती या नेमाची आहे. वाग्भटानेही बलवानास थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, आणि अतिरेक करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असा इशारा दिला आहे.

दिवाळीत आमच्या मुलाचे वजन ८० झाले. शरमेने तो पुन्हा त्याच स्पर्धेचे शुल्क भरावयास निघाला होता. आम्ही त्यास म्हटले, “अकरा किलो तू खरोखर घटविलेस, त्यांतील चार अजून तुझेच आहेत. ते सांभाळ.” तूर्त तो रोज सकाळी आमच्याबरोबर तासभर चालतो, आणि तूप लावलेली पोळी खातो.

घरातील कर्त्या मंडळींस आमची एवढीच विनंती, की असली दोन चित्रे कोणी पुढे केली तर त्यांचा उपहास करू नये. त्यांत एखाद्या मुलाचे खरे कष्ट असतात. मात्र पैसे मोजण्यापूर्वी वर्षानंतरचे तिसरे चित्र अवश्य मागावे.