थांबलेल्या मागाची वही

आमच्या गावात आवाजाचा कोणाला त्रास होत नाही. त्रास होतो तो शांततेचा. गल्लीतला खडखडाट थांबला, की माणसे दारातून डोकावतात आणि एकमेकांना विचारतात, “काय हो, लाइट गेली का?” लाइट गेली असेल तर सगळेच माग थांबतात, निदान सर्वांनी मिळून बोटे तरी मोडता येतात. पण भर पाळीत, शेजारचे सारे माग चालू असताना एखादाच माग थांबतो, तेव्हा त्याच्यापुढे उभा असलेला कामगारही एकटा पडतो. मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या शांततेविषयी.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. एका मागापासून सुरू झालेल्या या धंद्याने पुढे सारे गावच व्यापले. आता काही ठिकाणी रेपिअर आणि एअरजेट माग आले आहेत. तरी धोट्याच्या जुन्या मागांवर अजून कितीतरी घरांच्या चुली पेटतात. आमची त्यांपैकीच एक. वडील चार माग सांभाळतात.

मागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर असते आणि दर बोलला जातो तो ५२ पिकांच्या कापडाला धरून. धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला, की एक पीक. एका इंचात अशी ५२ पिके. आता थोडे गणित करू. मिनिटाला १५० पिके टाकणारा माग अखंड चालला, तर तासाला सुमारे ४.४ मीटर कापड उतरते. तो दोन तास थांबला, म्हणजे जवळजवळ नऊ मीटरची मजुरी बुडाली. मालकाचेही नुकसान होतेच. त्याच्या कर्जाचे व्याज आणि जागेचे भाडे माग थांबला म्हणून थांबत नाही. पण मालकाचे नुकसान महिन्याच्या हिशेबात कळते. कामगाराचे त्याच आठवड्याच्या पगारात कळते, आणि घरी किराणा आणताना तर फारच स्पष्ट कळते.

अशा वेळी कारखान्यात एक ठरलेले नाटक होते. मालक म्हणतो, कामगाराचे लक्ष नव्हते. कामगार म्हणतो, जॉबरने नीट दुरुस्त केले नाही. जॉबर म्हणतो, जुन्या मालाची घासाघीस करून आणलेला सुटा भाग किती टिकणार? तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि तिघांकडेही पुरावा नसतो. आठ दिवसांनी तोच माग त्याच जागी पुन्हा थांबतो आणि तेच नाटक पुन्हा होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना डबा द्यायला मी रोज जात असे, आणि कांड्या भरायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळत असे. तेव्हा मनात आले, की हे सगळे लिहून ठेवले तर? मागाच्या कामात ‘वही’ हा शब्द वेगळ्याच वस्तूसाठी आहे. ताण्याचे धागे ज्यातून ओवायचे ती वही, मग फणी. आणि ते ओवणारे ते वहिफणी कामगार. मी दुसरी, कॉलेजातली वही काढली. वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिही. पण मागाचं लिही. माणसाचं लिहू नगंस.”

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर उमगला. कामगाराला वही म्हटले की दंडाची वही आठवते, उचलीची वही आठवते. त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्याविरुद्धच वापरले जाते. म्हणून माझ्या वहीत ‘कोणामुळे’ असा रकाना ठेवला नाही. रकाने पाचच होते: मागाचा नंबर, थांबला केव्हा, जॉबर आला केव्हा, सुरू झाला केव्हा, आणि कशामुळे.

यातला तिसरा रकाना सर्वांत शहाणा निघाला. माग थांबला की आपण म्हणतो, ‘दुरुस्तीत दोन तास गेले.’ पण एकदा पिकर तुटून माग थांबला, त्या वेळची नोंद पाहिली. जॉबर शेजारच्या कारखान्यात होता. त्याची वाट पाहिली. तो आला, तर पिकर शिल्लक नव्हता. मुलगा दुकानात पाठवला. दुकानदार जेवायला गेलेला. अडीच तास माग उभा होता आणि त्यांतले प्रत्यक्ष पान्याचे काम होते वीस मिनिटांचे! जॉबर कितीही चपळ असता तरी वीस मिनिटांतलीच पाच वाचवली असती. खरा वेळ वाचणार होता तो टेबलाच्या खणात दोन पिकर आणून ठेवल्याने.

पाचव्या रकान्यानेही असेच डोळे उघडले. कापसाची बारीक धूळ मागावर सारखी बसत असते. तीच तेलात मिसळली की तिचा चिखल होतो आणि तेलाची भोके बुजतात. वरून तेल घातल्याचे समाधान मिळते, आत तेल पोचतच नाही. मागाच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात. ढिला नट दुसऱ्या भागाला झिजवतो. आणि तुटतो तो तिसराच भाग. आपण तिसरा बदलतो आणि पहिल्याकडे पाहतही नाही. ‘का तुटला?’ एवढे एकदा विचारून चालत नाही. उत्तर आले की त्या उत्तरालाही पुन्हा ‘का?’ विचारावे लागते.

हे विचारण्याची शिस्त ज्यांनी जगाला शिकवली, त्यांची सुरुवातही मागापासूनच झाली, हे वाचून मला फार आनंद झाला. जपानमधील साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. त्यांनी आयुष्यभर मागच सुधारले. १९२४ साली त्यांनी पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपणहून थांबत असे. दोष लपवून पुढे चालण्यापेक्षा तिथेच थांबून कारण शोधावे, हा विचार त्या मागातच होता. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. याच घराण्याच्या उद्योगातून पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना उभा राहिला. एकाच बिघाडाला पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत त्या कारखान्यात रुजली. जपानमध्येच सेइची नाकाजिमा यांनी देखभालीचा एक नवा विचार मांडला. यंत्राची निगा हे फक्त जॉबरचे काम नव्हे. जो यंत्र चालवतो त्यानेच रोज ते पुसावे, तेल द्यावे, नट तपासावा, कारण बदललेला आवाज आधी त्याच्याच कानाला कळतो. निप्पॉनडेन्सो या कारखान्याला १९७१ साली याच कामाबद्दल पारितोषिक मिळाले.

मी हे उत्साहाने आमच्या जॉबर मामांना सांगितले. ते हसून म्हणाले, “चालत्या मागाला पाना लावू नये, पोरा. खोललं की नवं दुखणं आलंच म्हणून समज.” मला वाटले, हे आळसाचे तत्त्वज्ञान. पण पुढे वाचनात आले, की दुसऱ्या महायुद्धात कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विमानांच्या नोंदी तपासल्या होत्या. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमानाची ठरावीक तपासणी होई. आणि त्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसत! विनाकारण खोलाखोली केल्याने नवे दोष शिरत होते. म्हणजे मामांनी अनुभवाने जे ओळखले, तेच त्या शास्त्रज्ञाने आकड्यांनी दाखवले. पुसणे, तेल देणे, कान देणे ही निगा. आणि उगाच खोलणे ही ढवळाढवळ. केव्हा काय करावे, हे शेवटी त्या त्या मागाची नोंदच सांगू शकते.

सुट्टी संपताना वडिलांनी ती वही मालकांपुढे ठेवली. मालकांनी पाने उलटून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “यात कोणाची चूक किती, ते कुठंय?” वडील म्हणाले, “मालक, ते यात न्हाई. म्हणून तर हे खरं हाय.” मालक थोडा वेळ गप्प राहिले. दुसऱ्या आठवड्यात खणात पिकर, पट्टे आणि दोन-चार नेहमीचे भाग येऊन पडले. ते आजही असतात. पण वडिलांची दुसरी मागणी होती, की आठवड्यातून एकदा अर्धा तास माग बंद ठेवून ते पुसायला द्यावेत आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे धरावेत. ती मान्य झाली नाही. “थांबलेल्या मागाची मजुरी कोण देतो?” असे उत्तर मिळाले.

मित्रहो, मला वाटते, या प्रश्नाची सारी गाठ इथेच आहे. माग मोडून दोन तास थांबला, तर त्याला आपण नशीब म्हणतो. तोच माग मोडू नये म्हणून अर्धा तास थांबवला, तर त्याला आपण नुकसान म्हणतो. मोडलेला माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाहवा होते. ज्याच्या निगेमुळे माग मोडलाच नाही, त्याच्या कामाची नोंद कुठेच होत नाही, कारण न घडलेली गोष्ट दिसत नाही. आणि मीटरवर पोट असलेल्या माणसाला ‘स्वतःहून माग थांबव आणि पूस’ असा उपदेश करणे, म्हणजे त्याच्याच ताटातला घास काढून मागाला भरवायला सांगणे आहे. जपानी पद्धतीचे फलक भिंतीवर लावणे सोपे आहे. त्या अर्ध्या तासाची मजुरी देणे तेवढे अवघड वाटते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. यंत्राशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. नव्या एअरजेट मागावर तर किती वेळा, कशामुळे थांबला हे पडद्यावर आपोआप उमटते. परंतु जुन्या मागांच्या शेकडो कारखान्यांत ही नोंद माणसानेच करायची आहे, आणि स्वच्छ, सरळ, कोणावर आळ न घेता लिहिणे हे तर भाषेचेच काम आहे. ज्यांच्या घरी माग आहेत, किंवा घरचे कोणी मागावर आहे, त्यांनी चार रेघा मारून एक वही करून पाहावी. पिकरचा प्रश्न वहीने सुटेल, हे मी पाहिले आहे. अर्ध्या तासाच्या मजुरीचा प्रश्न वहीने सुटणार नाही, तो माणसांनीच सोडवायचा आहे. पण तो मागताना हातात कागद असेल.