दारिद्र्याचें सोंग

१९९० सालीं निघालेला 'विंग कमांडर' हा माझ्या विद्यार्थिदशेंतला लाडका खेळ. मार्जारमुखी शत्रूंशीं अंतराळांत झुंजावयाचें! परंतु त्याच्या वेगाला लगाम असा घातलेलाच नव्हता. यंत्र जितकें चपळ, तितकी लढाई चपळ. पुढें एका मित्राकडे नवा, वेगवान संगणक आला आणि तींच विमानें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच अंगावर येऊं लागलीं. संपन्नतेनें केलेला तो आमचा पहिला विरस.

परवां कन्येनें तो खेळ आपल्या लॅपटॉपवर पुन्हां जिवंत केला. 'डॉसबॉक्स' नांवाची आज्ञावली म्हणे नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राचें सोंग आणते, आणि सांगाल तितकी रेंगाळते. पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें वडील माणसें बजावीत. दारिद्र्याचें मात्र इतकें बेमालूम आणतां येतें, हें मला ठाऊक नव्हतें! कंट्रोल आणि एफ-११ या कळा दाबीत तिनें गति उतरवीत आणली, तों ओळखीची चाल आली. अगदीं तीच. मी सरसावून बसलों आणि दुसऱ्याच मिनिटाला ठार झालों. मग पुन्हां. मग तिसऱ्यांदां.

"बाबा, आणखी हळू करूं?" तिनें विचारलें.

मीं चष्मा पुसला. "थोडेंसेंच कर," म्हणालों.