विसण

मराठीत अंघोळीच्या पाण्याभोवती जेवढे शब्द आहेत तेवढे प्रेमाभोवती नाहीत, असे मी एकदा वर्गात बोलून गेलो होतो. मुले हसली. बंब, घंगाळ, हंडा, न्हाणी, मोरी, चुलाण, उटणे, अभ्यंग, ऊनऊन, कोमट, कढत आणि विसण. यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मात्र त्या वर्गातल्या एकालाही सांगता आला नव्हता. कढत पाणी अंगाला सोसावे म्हणून त्यात जे गार पाणी घालायचे ते विसण. गेल्या जानेवारीत, जयपूरपासून काही कोसांवर, हा शब्द मला पुन्हा भेटला.

निमित्त एका चर्चासत्राचे होते. पण सगळा घाट मुलीने घातलेला. ती इंग्लंडात असते. तिकडे श्रॉपशरसारख्या परगण्यात, आठवड्याचा बाजार भरणाऱ्या लहान गावांच्या कडेला, जुनी दगडी घरे सुटीपुरती भाड्याने मिळतात. घरामागच्या अंगणात कढत पाण्याचा एक हौद असतो, वर उघडे आभाळ असते, बहुधा पाऊसही असतो, आणि माणसे गळ्यापर्यंत पाण्यात बसून समोरची मेंढरे पाहत राहतात. मुलीला हे सुख आईला द्यायचे होते. आईची आमवाताने आखडलेली हाडे विमानातल्या दहा तासांना तयार नव्हती. तेव्हा तसलेच काहीतरी तिने तिकडे बसून इकडे शोधून काढले. आमेरच्या पलीकडे, अरवलीच्या एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी पाच-सहा कुट्या, आणि प्रत्येकीच्या ओसरीवर लाकडाने मढवलेला एक गोल हौद. त्यांनी त्याला जकुझी म्हटले. मी घंगाळ म्हटले. हिने काहीच म्हटले नाही. ती नुसती बघत राहिली.

माझा पहिला विचार समीक्षकाचा, म्हणजे नाक मुरडणाऱ्याचा होता. साचलेल्या पाण्यात बसून राहणे ही आपल्याकडची अंघोळच नव्हे. अंगावरून पाणी वाहून गेले पाहिजे, ही आपली कल्पना. म्हणून नदी चालते, तांब्या चालतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच त्यांच्या वडिलांचे ते विलक्षण सोवळे भेटते, त्यांनी या हौदाकडे पाहिले असते तर काय केले असते, असा एक खट्याळ विचारही मनात येऊन गेला. पण दुसऱ्याच दिवशी आम्ही गलत्याला गेलो. गोमुखातून पडणारी धार, खालची कुंडे, आणि त्या साठलेल्या पाण्यात संक्रांत साधून आलेली शेकडो माणसे. आपल्या वज्रेश्वरीला, गणेशपुरीला, तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांवर याहून वेगळे काय आहे? तिथे पाण्याला देव आहे, इथे पंप आहे. माझा आक्षेप तेवढ्यावर येऊन ठेपला आणि मला तो थोडा लटका वाटू लागला.

खरा आक्षेप दुसराच होता. तो नाकाचा नव्हता, घशाचा होता. मी माणदेशातला. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. शाळेत सुकडी मिळायची आणि थोरले भाऊ खडी फोडायला जायचे. आई आम्हा धाकट्यांना परातीत बसवून एका तांब्यात अंघोळ घाली. परातीत साठलेले पाणी धुण्याला, धुण्याचे उरलेले दारच्या शेवग्याला. वडिलांना तो तांब्याही आठवड्यातून दोनदाच. ते ओल्या पंचाने अंग पुसून घेत आणि ‘झाली अंघोळ’ असे मोठ्याने म्हणत. बहुधा स्वतःलाच ऐकवायला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे गेली, नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरात राहून झाले, तरी शॉवरखाली उभे राहताना माझा हात आपोआप चकलीकडे जातो.

आणि शहर होते जयपूर! ज्यांनी पाण्याचा थेंबन् थेंब मोजला अशा लोकांचे शहर. जयगडावरची टाकी पाहावी. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी चरांतून आणून तिच्यात साठवलेले. आमेरचे राजेही हमामात कढत पाण्याने न्हात असत. पण ते पाणी खालच्या मावठ्यातून रहाटांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागे. पुढे रामगडचे धरण १९०३च्या सुमारास पुरे झाले. त्याने कित्येक दशके शहराला पाणी पाजले. १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकांच्या शर्यती त्याच जलाशयात झाल्या. तोच जलाशय पुढे आटला, आणि आता जयपूर शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या, बनास नदीवरील बीसलपूरच्या पाण्यावर जगते. आमच्या हौदाची देखभाल करणाऱ्या पोराला मी विचारले, यात पाणी किती मावते? ‘बाराशे लिटर, हुकुम,’ तो म्हणाला. रोज बदलता? नाही, गाळून, औषध घालून तेच आठवडाभर चालते. आणि तुझ्या गावात? तो हसला. गावात टँकर येतो, एक दिवसाआड. त्याच्या हसण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मी हौदात उतरलो नाही. हीही उतरली नाही, कारण मी उतरलो नाही.

मधला एक दिवस शहरात गेला. ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली आहे. सवाई जयसिंगाचा गुरू रत्नाकर पुंडरीक हा महाराष्ट्रीय ब्राह्मण. १७२७मध्ये नवे शहर वसवणाऱ्या राजाच्या पदरी आपली माणसे अशी मानाने होती. आणि पंचवीस वर्षेही उलटली नव्हती तोच, १७५१च्या जानेवारीत, होळकर-शिंद्यांच्या फौजेतले मराठे नवे शहर पाहायला, देवदर्शनाला आणि खरेदीला वेशीच्या आत शिरले, वेशी बंद झाल्या आणि हजारोंची कत्तल झाली. त्यांच्या खंडणीच्या तगाद्यानेच आदल्या महिन्यात ईश्वरीसिंगाने विष घेतले होते, हेही विसरून चालणार नाही. ईसरलाटेच्या सावलीत लाखेच्या बांगड्यांचा भाव करणाऱ्या मराठी बायका पाहताना मला उगीचच वेशीकडे वळून पाहावेसे वाटले.

पण मी सांगत होतो ते पाण्याचे. सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड रांजण आहेत. प्रत्येकाचे वजन तीनशे चाळीस किलोंहून अधिक, प्रत्येकात चार हजार लिटरांहून जास्त पाणी मावते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२मध्ये सवाई माधोसिंग विलायतेला निघाला तेव्हा त्याने आख्खी आगबोट भाड्याने घेतली आणि असल्या रांजणांतून गंगाजल बरोबर नेले. परमुलखाचे पाणी चालणार नाही म्हणून! मी हिला म्हणालो, ‘बघ, राजा इथले पाणी तिकडे घेऊन गेला आणि तुझ्या लेकीने तिकडचा हौद इथे आणला.’ ही रांजणाकडे बघत होती. म्हणाली, ‘एवढं पाणी कुणी उचललं असेल हो?’

हा प्रश्न मला सुचला नव्हता. साहित्याच्या प्राध्यापकाला सुचतही नाही.

लग्नानंतरची पहिली नऊ वर्षे आमच्या भाड्याच्या घरात बंब होता. पहाटे उठून ही तो पेटवी. ढलप्या फोडायच्या, राख काढायची, धूर डोळ्यांत घ्यायचा, मग बादली भरून विसण घालून हाक मारायची, ‘पाणी काढलंय.’ मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो. पाणी कढत लागले की आतूनच ओरडत असे आणि ही कणकेचे हात तसेच घेऊन तांब्याभर गार पाणी घालायला येई. त्या नऊ वर्षांत स्वतः विसण घालून घेतल्याचे मला एकदाही आठवत नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मात्र तिच्या ‘सोशिकते’वर एक वाक्य होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आई पाण्यात उतरली का, हे तिने विचारले आणि उत्तर ऐकून माझ्यावर चिडली. ‘बाबा, हे चैनीसाठी निघालेलंच नाही.’ मग तिने सांगितले ते मला खरोखर ठाऊक नव्हते. जकुझी हे एका कुटुंबाचे आडनाव. इटलीतून अमेरिकेत गेलेले हे भाऊ आधी विमानांचे पंखे बनवत, मग शेतीच्या विहिरींचे पंप. त्यांच्यातल्या कँडिडोचा मुलगा अगदी तान्हेपणीच सांधे आखडण्याच्या दुखण्याने जखडला. इस्पितळात त्याला खळाळत्या गरम पाण्याचा शेक देत. तो घरी रोज मिळावा म्हणून बापाने न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा लहान पंप तयार केला. १९५०च्या दशकात तो बाजारात आला, श्रीमंतांच्या हाती लागला आणि त्याची चैन झाली. मुलाचे दुखणे हिचेच होते.

थंडी मरणाची होती. त्या पोराने झाकण काढले तेव्हा वाफ वर आली आणि समोरची टेकडी दिसेनाशी झाली. तो निघून गेल्यावर ही जुन्या नऊवारीतच उतरू लागली. पायरीवर तिला हाताला धरून उभे राहताना माझ्या ध्यानात आले, की हिची बोटे आपल्या हातात इतका वेळ कितीतरी वर्षांत नव्हती. ती गाठाळ झाली होती, आंगठा तळव्याकडे वळला होता. तांब्या त्या हातांनी केव्हाच सोडला होता; घरी ती प्लॅस्टिकच्या मगाने अंघोळ करते, तोही दोन्ही हातांनी उचलून.

पाणी बेंबीला लागले तशी ती थबकली. ‘अहो, कढत आहे.’

चाळीस अंशांवर लावलेले ते यंत्र कसे उतरवायचे, हे मला ठाऊक नव्हते. मी आत गेलो, न्हाणीघरातली बादली थंडगार पाण्याने भरली आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली. बाराशे लिटरांत एक बादली! तिने काय होणार, हे मलाही कळत होते आणि तिलाही. मी ती हौदाच्या काठाशी, तिच्या खांद्याजवळ, हळूहळू ओतली.

‘आता?’

‘अजून थोडं घाला,’ ती म्हणाली. मी बादली घेऊन पुन्हा आत गेलो.