रावसाहेब, आत्याबाई आणि आमचे हसू

पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांनी बेळगावातील आमच्या घरी पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातील 'रावसाहेब' लावले, त्या संध्याकाळची ही गोष्ट. 'गणगोत'मधील हे व्यक्तिचित्र मूळचे बेळगावचेच. पु. ल. येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक होते. रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीत नामांची लिंगे मनसोक्त बदलू लागली, तसे स्नेही डोळे पुसू लागले. आम्हीही हसत होतो. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या वृद्ध आत्याबाई मात्र एकाग्रतेने ऐकत होत्या. ध्वनिफीत संपल्यावर त्यांनी विचारले, "ह्यात हसण्यासारखं काय आहे की? बरोबरच बोलतात की ते."

क्षणभर शांतता पसरली. मग जो हशा उसळला, तो रावसाहेबांच्याही वाट्याला आला नव्हता. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरील रेषाही हलली नाही. त्या आम्हाला हसत होत्या, की आम्ही त्यांना, हे आम्हाला आजतागायत ठरवता आलेले नाही.

(कानडीत पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. मराठीत मात्र पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते! मग चूक कानडी माणसाची म्हणावी, की मराठीच्या लहरीची?)

एरवी विनोद करणारा आपल्याला खूण करतो. नट भुवई उंचावतो, वक्ता वाक्यापुढे थांबतो. हसण्याची परवानगी मिळते. निर्विकार विनोद ही परवानगीच नाकारतो. मूकपटांतील बस्टर कीटनचा दगडी चेहरा आठवावा. बोलणाऱ्याला आपल्या बोलण्यातील गंमत ठाऊक आहे की नाही, हेच कळत नाही. तो अवघडलेपणा असह्य झाला, की हसू फुटते. हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1900 मध्ये मांडले. आम्हाला ते पुरते पटत नाही. आत्याबाईंना हसताना आमचे हृदय चांगले जागे होते. टोचत होते ते तेच. पुणेकर स्नेही रावसाहेबांच्या भाषेला हसत होते आणि ती आमच्या घरातलीही भाषा होती.

पुढे निपाणीत एका चहाच्या गाड्यावर असेच झाले. तंबाखूला चुना मळत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना कोणा तरुणाने विचारले, "आजोबा, निपाणी महाराष्ट्रात कधी जाणार?"

"1967 सालीच गेलीया की," मळणे न थांबवता ते म्हणाले. "महाजनसाहेबांनी देऊन टाकली. आम्हाला तेवढं कळवायचं राहिलंय."

गाड्याभोवतीची सारी मंडळी हसली. त्या वर्षीच्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस होती. ती कागदावरच राहिली. आम्हीही मोठ्याने हसलो आणि मध्येच अडखळलो. त्याच अहवालाने आमचे बेळगाव कर्नाटकात ठेवण्यास सांगितले होते. म्हाताऱ्याच्या विनोदात निपाणी सुटत होती. आम्ही मात्र होतो तेथेच राहत होतो.

आमचे हसू अर्ध्यावर थांबलेले त्यांनी पाहिले असावे. तळहातावरचा चुरा झटकत, चेहरा तसाच ठेवून त्यांनी विचारले, "बेळगावचे काय तुम्ही?"

आम्ही मान डोलावली.

"मग बसा की. चहा आमच्याकडून."